दलिया त्यांचा, अर्ज माझे

रूथबाईंचा मला हेवा वाटायचा. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली, तेव्हा लिहायला हरकत नाही. असत्या तरी त्यांनी हे वाचून चष्मा पुसला असता, "बरं" म्हटलं असतं आणि पुढचं पान उलटलं असतं. त्यांच्या त्या "बरं"चासुद्धा मला हेवा वाटायचा. मला वाद घातल्याशिवाय कुठलीच गोष्ट सोडता आली नाही.

आधी माझं काम काय होतं ते सांगते, कारण ते माझ्या माहेरच्या माणसांनाही कधी कळलं नाही. आई विचारायची, "तुमचं मंडळ धान्य वाटतं का?" नाही. "मग स्वयंपाक करून घालता का?" तेही नाही. गरिबाच्या नावाचं धान्य सरकारच्या गोदामातून निघतं, पण त्याच्या घरी पोचत नाही. ते मधे कुठे अडतं ते शोधायचं आणि ज्या टेबलावर अडलं असेल त्या टेबलासमोर जाऊन उभं राहायचं. उभंच राहायचं, कारण खुर्ची क्वचित मिळायची. राहुरीत आम्ही मोजक्या बायकांनी मंडळ काढलं होतं. मी अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे, एस. टी.चं तिकीट काढून कचेरीत जायचं ती मी, एवढाच अर्थ. आमचे हे कृषी विद्यापीठात नोकरीला होते. ते म्हणायचे, "तुझ्या चपलेचं उत्पादन वाढवायला पाहिजे."

बहात्तरच्या दुष्काळाचं नाव काढलं की लोकांना खडी फोडणाऱ्या बायका आठवतात, कामावर खायला वाटलेली सुकडी आठवते. मला आठवतात कोप्या. जिल्ह्याच्या पूर्वेकडची माणसं दरसाल बैलगाड्या घेऊन ऊस तोडायला आमच्या बाजूला यायची. त्या साली पाऊस नव्हताच, पण पाटाच्या पाण्यावर थोडाफार ऊस उभा होता, त्यामुळे ती त्याही साली आली, आणि नेहमीपेक्षा जास्त आली. कोल्हारच्या पलीकडे एका गावाच्या माळावर त्यांच्या पाचटाच्या झोपड्या पडल्या होत्या. त्यांना म्हणतात कोप्या. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथे अजून माझ्या ओळखीची घरं आहेत.

मी पहिल्यांदा त्या माळावर गेले तेव्हा हिराबाई चुलीसमोर बसली होती. पाथर्डीकडची, माझ्याच वयाची असेल, आवाज खणखणीत. तव्यावर एक भाकरी होती आणि भोवती तिची तीन पोरं. मी विचारलं, रेशन कुठून घेता?

"कुठून घ्यायचं बाई?" ती म्हणाली. "आमचं कारड गावाकडं सासूपाशी हाय. हितला दुकानदार म्हंतो, तुमी हितले न्हाई. गावाकडचा सासूला म्हंतो, मानसं हजर न्हाईत, त्यांच्या वाट्याचं देत न्हाई. मंग आमी हाय तरी कुटं?"

रेशनकार्डावर घरातल्या माणसांची युनिटं धरलेली असतात. मोठ्या माणसाचं पूर्ण, लहान पोराचं अर्धं. ह्या लोकांची युनिटं गावात कापली गेली होती आणि इथे कुणी धरत नव्हतं. खुल्या बाजारात ज्वारीला हात लावायची सोय नव्हती. हिराबाईची धाकटी जाऊ चंद्रा कोपीत बाळ घेऊन पडली होती. बाळंतीण, अंगावर दूध नाही. दिवसभर फडात कोयता चालवणारी माणसं रात्री पाण्यात कालवलेलं पीठ पिऊन झोपत होती.

मला उत्तर तिथेच सापडलं असं वाटलं. माणूस जिथे, तिथे त्याची युनिटं. हंगामापुरतं तात्पुरतं कार्ड द्या, गावाकडच्या कार्डावर तेवढी युनिटं थांबवा, सासूची राहू द्या. सरकारला एक दाणाही जास्त लागणार नव्हता. मी अर्ज लिहिला आणि तालुक्याच्या कचेरीत पुरवठ्याच्या साहेबांपुढे ठेवला.

साहेब स्वभावाने वाईट नव्हते. भीतीने जपून वागणारा माणूस. त्यांनी अर्ज वाचला, परत वाचला, म्हणाले, "बाई, हे नियमात नाही."

"देऊ नये असंही नियमात नाही, साहेब."

"उद्या दोन्हीकडे धान्य उचललं तर चौकशी माझी होईल. तुमची नाही."

त्यानंतर मी किती वेळा गेले ते आता आठवत नाही. प्रत्येक वेळी नवा अर्ज, प्रत्येक वेळी "वर विचारतो". आणि ह्याच सुमाराला माळावर रूथबाई आल्या.

त्या श्रीरामपूरच्या. शिकलेल्या नर्स, अंगाने भक्कम, पांढरी सुती साडी, पायात पुरुषी बूट. त्यांच्या मिशनच्या दवाखान्याला परदेशातून दलियाची पोती आणि दुधाची पावडर यायची. मी फाट्यावर गाडीतून उतरून धुळीतून चालत माळावर पोचले, तर तिथे जीप उभी. तीन दगडांवर हे एवढं पातेलं, त्यात गूळ घातलेला दलिया रटरटतोय आणि भोवती सगळी पोरं. कुणी त्यांचा पदर धरलाय, कुणी पाठीवर लोंबकळतंय.

"मावशी, मला! मावशी, मला आधी!"

आणि मला पाहिल्यावर हिराबाई पोरांना म्हणाली, "ए, उठा रे. बाई आल्यात."

मी बाई. त्या मात्र पहिल्याच आठवड्यात मावशी.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "अगं, पोरांना खायला मिळालं, चांगलंच झालं की." चांगलंच झालं होतं. ते मलाही कळत होतं आणि तरी मला जेवण गेलं नाही. मी त्या माळावर कागद घेऊन जायचे, लोकांचे अंगठे घेऊन यायचे. त्या दलिया घेऊन जायच्या आणि रिकामं पातेलं घेऊन यायच्या. माझ्या कामाचं फळ कधी लागेल, लागेल की नाही, हे मलाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या कामाचं फळ वाटीत दिसायचं. त्यांनी चंद्राच्या बाळाला चमच्याने दूध पाजलं, ते मी कोपीच्या दारातून वाकून पाहिलं. बाळाने डोळे मिटले. माझ्या पिशवीत अर्जाची नक्कल होती.

हेवा करणारी मी एकटी नव्हते म्हणा. गावातल्या बायकांनाही कोप्यांचा हेवा वाटायला लागला. एका बागायतदाराच्या घरी पाणी प्यायला थांबले, तर मालकीणबाई म्हणाल्या, "ताई, परगावच्या लोकांना दूध-गूळ, आन् आमच्या गड्यामानसांना लाल मिलो. तुमी त्यांनाच कारडं दिल्यावर आमच्या दुकानात काय उरंल हो?" मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी कुणाला आवडायची नाही, पण तिच्यासाठीही रांग लागायची. दुष्काळात दुसऱ्याच्या ताटातला घास मोठा दिसतो हे मी घरोघर पाहत होते. मी त्यांना समजावलं की त्यांच्या दुकानाचा कोटा वाढवून मागतेय. त्यांना ते पटलं नाही. मला तरी माझं समजावणं कुठे पटत होतं?

मग एक दिवस साहेबांनी मला चक्क खुर्ची दिली. मला वाटलं, काम झालं.

"बाई, आता तुमच्या अर्जाची गरज उरली नाही," ते आनंदाने म्हणाले. "त्या मिशनवाल्या बाई जेवायला घालतात ना तिथे. वर तसंच कळवतो. त्या लोकांची सोय झालेली आहे."

मी उठले ती तडक श्रीरामपूरची गाडी धरली. रूथबाई दवाखान्याच्या मागच्या पडवीत पोती मोजून घेत होत्या. मी बसलेही नाही.

"रूथबाई, तुमचा दलिया बंद करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय झालं कुसुमताई? पाणी घ्या आधी."

"तुमच्या दलियामुळे माझं कार्ड अडलंय. तुमची पोती कधी येतील, कधी थांबतील, तुम्हाला तरी माहीत आहे का? थांबली की ती माणसं पुन्हा उघडी. फक्त आठवडाभर बंद ठेवा. साहेबांना दिसू दे तिथे काय आहे ते."

"आठवडाभर पोरं उपाशी ठेवू?"

"पुढे कायमचं मिळावं म्हणून."

"नाही जमायचं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तुमचा अर्ज बरोबर असेल. पण माझ्या हातात वाटी असताना मी ती मागे घेणार नाही. साहेबांना दिसत नसेल तर त्याला मी काय करू?"

मला इतका राग आला की मी म्हटलं, "मग शिजवा की कचेरीच्या दारात! म्हणजे दिसेल त्यांना!"

हे मी टोमणा म्हणून बोलले होते, ह्याची मी खात्री देते. रूथबाईंनी हातातली सुतळी खाली ठेवली, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "बरं."

पुढच्या आठवड्यात साखर कारखाना एक दिवस सफाईसाठी बंद राहणार होता, म्हणजे ऊसतोडीला सुट्टी. त्या दिवशी सकाळी उसाच्या बैलगाड्या कोप्यांवरून निघाल्या आणि तालुक्याच्या कचेरीसमोरच्या लिंबाखाली येऊन उभ्या राहिल्या. गाड्यांतून ऊस नाही, बायका आणि पोरं उतरली. जीपमधून पातेलं उतरलं. रूथबाईंनी पदर खोचला आणि तीन दगड मांडले. अर्ज लिहून देणारे जे लेखनिक लिंबाखाली बसायचे त्यांनी आपली पेट्या-बस्तानं मुकाट्याने पलीकडे सरकवली. धूर सरळ कचेरीच्या खिडक्यांत गेला.

मी बाजूला उभी होते. कल्पना माझी, पण पातेलं त्यांचं. येणारे-जाणारे विचारत होते, "ह्या कोण बाई?" आणि बोट रूथबाईंकडे होतं.

साहेब रुमालाने डोळे पुसत बाहेर आले. गर्दी पाहिली, पोरांचे काटकुळे पाय पाहिले. माळावर ते कधी गेलेच नव्हते. मग ते माझ्याकडे न येता रूथबाईंकडे गेले आणि नमस्कार करून म्हणाले, "बाई, फार थोर काम करता तुम्ही. तुम्हाला आणखी पोती लागतील. मी वाहतुकीला सरकारी ट्रक मिळवून देतो. गोदामात जागा देतो. सगळ्या तालुक्यातल्या कोप्यांवर तुम्हीच चालवा हे."

रूथबाईंना ट्रकची किती गरज होती ते मला ठाऊक होतं. त्यांची जीप निम्मा वेळ ढकलावी लागायची. आणि त्यांनी हो म्हटलं की माझी मागणी त्या लिंबाखालीच संपणार होती. मी पुढे झाले आणि म्हणाले, "साहेब, मागणी कार्डाची आहे." पण माझा आवाज धुरात चिरकला आणि मला खोकला लागला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते रूथबाईंच्या उत्तराची वाट पाहत होते.

मधेच हिराबाई बोलली. तिच्या हातात दलियाची वाटी होती.

"न्हाई साहेब, ह्यो नगं आता."

रूथबाईंनी मान वळवली. "का गं हिरे?"

"राग नगा धरू मावशी. पोरांना ठीक हाय. पर आमी फडात वाकणारी मानसं. ह्ये खाऊन पोट नुसतं डबडबतं, घटकंभरात परत भूक. अन् रोज वाटी घिऊन हुबं ऱ्हायचं म्हंजी..." तिने वाटी खाली ठेवली. "आमी काय भिकारी न्हाई. आमच्या घरी कारड हाय. आमाला आमची भाकर आमच्या तव्यावर करायची."

रूथबाईंचा चेहरा लाल झाला होता. चुलीच्या धगीनेही झाला असेल. इतके आठवडे पहाटे उठून, जीप ढकलत, हातांना फोड आणून त्यांनी जे रांधलं ते चारचौघांत, साहेबांसमोर, नको म्हणून सांगितलं गेलं होतं. खोटं कशाला लिहू, त्या क्षणी मला आतून गार वाटलं. सगळ्यांची मावशी, आणि तिलाच नको म्हणाले.

रूथबाईंनी पळी पातेल्याच्या काठावर टेकवली. पदराने तोंड पुसलं. मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत ना साहेब? मला ट्रक नको. माझ्या दलियाने ह्यांची सोय झाली असं तुम्ही वर लिहिलंय म्हणे. ज्यांनी खाल्ला त्याच सांगतायत की झाली नाही. ते आता खोडा. आणि कार्डाचं काय ते ह्या कुसुमताईंना विचारा, त्यांनी त्याचा सगळा हिशेब बसवलाय. मला त्यातलं काही कळत नाही."

माझं गार वाटणं तिथेच संपलं. ह्या बाईने स्वतःच्या अपमानाचासुद्धा उपयोग करून घेतला, आणि तोही माझ्या कामासाठी. तिच्या जागी मी असते तर हिराबाईला उत्तर देत बसले असते. मला त्यांचा इतका हेवा पूर्वी कधी वाटला नव्हता.

साहेब मला आत घेऊन गेले. खिडकीतून धूर येतच होता, त्यामुळे बोलणं लांबलं नाही. मी सांगितलं, टोळीच्या मुकादमाकडून माणसांची खात्री करून घ्या, गावच्या कार्डावर थांबवलेल्या युनिटांची नोंद करायला तिकडच्या कचेरीला कळवा, हंगाम संपला की इथलं कार्ड जमा करून घ्या. साहेब म्हणाले, "आणि चौकशी आली तर?" मी म्हटलं, "तर त्यांना ह्या लिंबाखाली पाठवा." ते पहिल्यांदा हसले. वरून परवानगी यायला आणखी काही दिवस लागले, पण ती आली. हंगामापुरती कार्डं निघाली आणि त्या गावच्या दुकानाचा कोटाही वाढला.

चंद्राला मात्र त्याचा उपयोग झाला नाही. तिच्याच्याने काम होईना म्हणून मुकादमाने नवरा-बायकोला बाळासकट गावाकडे लावून दिलं होतं, कार्डं यायच्या आधीच. पुढे त्यांचं काय झालं हे हिराबाईलाही नीट सांगता आलं नाही. आमच्या कामात निकाल लागेपर्यंत माणूस जागेवर राहत नाही, ही खंत मला कायम राहिली. त्या बाळाने दूध पिताना मिटलेले डोळे मी पाहिले होते, उघडलेले पाहिले नाहीत.

त्याच आठवड्यात एका साप्ताहिकात बातमी आली. मथळ्यात रूथबाई. मजकुरात रूथबाई. शेवटच्या ओळीत "ह्या प्रसंगी इतर भगिनीही उपस्थित होत्या." ह्यांनी ती बातमी मोठ्याने वाचली आणि मला विचारलं, "इतर भगिनी, चहा टाकता का?" मी चहा टाकला नाही. ते कात्रण रूथबाईंनीच मला पाठवलं. कडेला शाईने लिहिलं होतं, "पेपरवाल्यांना तुमचं नाव मी सांगितलं होतं." त्याने मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

कार्डावरचं पहिलं धान्य मिळणार त्या दिवशी मी त्या गावी गेले. फाट्यावर उतरले तर समोर रूथबाई. जीप बंद पडली होती म्हणून त्याही एस. टी.ने आल्या होत्या. आम्ही दोघी दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहिलो. दुकानापुढे रांग होती, निम्मी गावची, निम्मी कोप्यांवरची, आणि कोण कुठलं हे अंतरावरून ओळखू येत नव्हतं.

हिराबाईचा नंबर आला. तिने कार्ड पुढे केलं आणि लगेच तिचा आवाज रस्ताभर ऐकू आला.

"काटा सरळ धर की भाऊ! पारडं हालतंय, दिसत न्हाई व्हय? आन् खडे निवडायला आमी बसावं का? वरनं टाक आनखी!"

दुकानदार काहीतरी पुटपुटला. तिने त्याला पुन्हा माप घालायला लावलं. मागच्या बायका, गावच्यासुद्धा, तिच्या बाजूने बोलायला लागल्या. शेवटी तिने ज्वारी आणि मिलो वेगवेगळं बांधून घेतलं, बोचकं डोक्यावर घेतलं आणि ती रस्ता ओलांडून आमच्याच बाजूला आली.

रूथबाईंनी हात थोडा वर केला. मीही केला असेन. मला वाटलं, आता ही थांबेल. काहीतरी बोलेल. कुणाशी आधी बोलेल हेही माझ्या मनात येऊन गेलं.

हिराबाईने आमच्याकडे पाहिलं, बाजारात ओळखीचं माणूस दिसल्यावर पाहावं तसं. "दळान गाठायचं हाय, गिरनी बंद व्हईल," एवढं म्हणाली आणि न थांबता भराभर पुढे निघून गेली. वळणापर्यंत तिचं बोचकं दिसत होतं.

रूथबाई त्या वळणाकडे बघत उभ्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "थांबली पण नाही हो कुसुमताई."

"नाही थांबली," मी म्हणाले.

त्यांच्या आवाजातलं ते दुखावलेपण माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. इतके महिने मी तेच घेऊन एस. टी.तून हिंडत होते. त्या रस्त्याच्या कडेला, पहिल्यांदाच, त्यांच्याजवळ असं काही नव्हतं जे माझ्याजवळ नव्हतं. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली, आणि गाडी येईपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो.